घरी शिकणाऱ्या मुलांचं दप्तर: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांसाठी

मुलाला शाळेतून काढायचं ठरलं असेल, तर नवी पुस्तकं मागवण्याआधी शाळेच्या ऑफिसात जा आणि दोन कागद घेऊन या. एक दाखला, म्हणजे टीसी. दुसरं स्टडी सर्टिफिकेट. दाखला सगळेच घेतात. स्टडी सर्टिफिकेट मात्र बऱ्याच पालकांचं राहूनच जातं, कारण मागितल्याशिवाय ते मिळत नाही. मूल कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कितवीपासून कितवीपर्यंत आणि कोणत्या माध्यमातून त्या शाळेत होतं, हे त्यावर लिहिलेलं असतं. मुख्याध्यापकांची सही-शिक्का झाला की तिथंच थांबू नका, बीईओ, म्हणजे तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या, ऑफिसात नेऊन प्रतिस्वाक्षरीही घेऊन ठेवा. मुख्याध्यापक बदलतात, क्लार्क बदलतात, जुनी रजिस्टरं माळ्यावर जातात. पाच वर्षांनी तोच कागद काढायचा म्हटलं तर हेलपाटे सुरू होतात.

माझी थोरली आठवीनंतर घरी शिकली. दहावी आणि बारावी दोन्ही तिनं एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून केली. धाकटा आता दहावीच्या तयारीत आहे. त्यामुळं शहापूर-वडगावकडचे, खानापूर तालुक्यातले, निपाणी-चिकोडीकडचे पालक विचारायला येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा असतो. मी आधी फाईल बघायला मागते. अभ्यासाचं काहीही जमवता येतं. मूल हुशार असो नसो, वर्षभरात घडी बसते. कागदाचं तसं नाही, तो ज्या वेळी घ्यायचा त्याच वेळी घ्यावा लागतो.

आणि आपल्या भागात ही गोष्ट जास्तच खरी आहे. पुण्यातल्या घरशाळावाल्या पालकाला मूल काय शिकलं एवढं दाखवता आलं की त्याचं भागतं. बेळगावच्या पालकाला आणखी दोन उत्तरं तयार ठेवावी लागतात: मूल कुठं शिकलं आणि त्याची मातृभाषा कोणती. हे दोन्ही प्रश्न प्रवेशाच्या वेळी, मूल अठराचं होताना, दोन्ही राज्यांकडून येतात.

आधी कर्नाटकाचं सांगते. इंजिनिअरिंग आणि इतर व्यावसायिक कोर्सेसच्या सरकारी जागांसाठी केसीईटी ही राज्याची प्रवेशपरीक्षा आहे. तिच्या पात्रतेची कलमं बरीच आहेत, पण आपल्याकडच्या बहुतेक मुलांना लागू पडतं ते एकच. पहिली ते सेकंड पीयूसी, म्हणजे बारावी, या काळातली किमान सात शैक्षणिक वर्षं कर्नाटकातल्या सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेत झालेली हवीत आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून पास झालेली हवी. घरी शिकलेली वर्षं या सातांत धरली जातील, या भरवशावर राहू नका. थोरलीला आम्ही आठवीपर्यंत शाळेत ठेवलं त्याचं एक मोठं कारण हेच. आठ वर्षं कागदावर पक्की झाली, एसएटीएसवर, म्हणजे कर्नाटकाच्या विद्यार्थ्यांच्या ऑनलाईन नोंदीत, दिसायला लागली, मग पुढची वाट मोकळी. दुसरं कारण कायद्याचं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. तोवर मूल शाळेच्या पटावर असलं की शाळाबाह्य मुलांच्या यादीत नाव जात नाही आणि चौकशी करायला सीआरपी, म्हणजे शिक्षण खात्याचे लोक, दारात उभे राहत नाहीत. पाचवी-सहावीतच मूल काढणारे पालक मला भेटतात. त्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही, पण घरात आजारपण किंवा तसंच गंभीर कारण नसेल तर आठवी होऊ द्या, असंच मी सांगते.

आता महाराष्ट्राचं. तिथल्या इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशांत उमेदवारांचे प्रकार असतात, त्यातला 'टाईप ई' आपल्यासाठी आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी किंवा बारावी पास झालेला आणि मातृभाषा मराठी असलेला उमेदवार त्यात बसतो. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो त्यांचा हा भाग. (कर्नाटकातही अशीच सोय उलट्या बाजूनं आहे. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज या तालुक्यांतल्या कन्नड मातृभाषेच्या मुलांना तिकडं अर्ज करता येतो.) कोल्हापूर, सांगली, पुण्याला मूल पाठवायचा विचार घराघरात असतो, पण हा प्रकार कित्येकांना ऐकूनही माहीत नसतो आणि मूल परराज्यातलं म्हणून अर्ज भरून मोकळं होतं. आपलं गाव त्या यादीत आहे का, ते आधी बघा. मग शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात घातलेल्या मुलांच्या नावापुढं तिथं माध्यमाचीच भाषा लिहून टाकलेली मी पाहिली आहे. शाळेत असतानाच अर्ज देऊन ते दुरुस्त करून घ्यावं.

या दोन्ही नियमांत 'कुठून पास झालं' हे आलंच. मुक्त विद्यालयाच्या मुलाच्या बाबतीत त्याचं उत्तर अभ्यासकेंद्राच्या पत्त्यावरून द्यावं लागतं. एनआयओएसचं मुख्य ऑफिस नोएडाला. कर्नाटकाचं विभागीय केंद्र बेंगळूरला आणि महाराष्ट्राचं पुण्याला. अर्ज भरताना अभ्यासकेंद्र आपणच निवडायचं असतं. कोल्हापुरात मावशी आहे, तिथलं केंद्र चांगलं आहे म्हणतात, म्हणून काही जण तिकडचं केंद्र घेतात. शिकवण्याच्या दृष्टीनं त्यात काही वावगं नाही. पण मग दहावी महाराष्ट्रातून झाली असा अर्थ निघतो. कर्नाटकाच्या कलमातला एक पाय जातो आणि टाईप ईचाही जातो. माझं स्पष्ट मत असं की केंद्र बेळगाव जिल्ह्यातलंच घ्यावं, मग ते घरापासून दूर का असेना. पास झाल्यावर केंद्राकडून त्यांच्या लेटरहेडवर बोनाफाईड घ्या, त्यात पूर्ण पत्ता, तालुका, जिल्हा येऊ द्या.

ज्यांना मुक्त विद्यालय नको असेल त्यांना कर्नाटक बोर्डाची एसएसएलसी, म्हणजे दहावी, खासगी उमेदवार म्हणून देता येते. सहा विषय, ६२५ गुण, पहिली भाषा मराठी घेता येते. ज्याचा अभ्यास शाळेच्या पुस्तकांवरच चालला आहे त्याला हे सोयीचं. महाराष्ट्राचा खासगी उमेदवारांचा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी करणारीही मुलं आहेत, पण मग परीक्षा महाराष्ट्रातून झाली आणि वर सांगितलेली अडचण तशीच उभी राहिली.

आता क्रेडिटकडं, म्हणजे पास झालेला विषय खात्यावर जमा राहण्याच्या सोयीकडं येऊ. एनआयओएस घेण्यामागचं खरं कारण तेच आहे.

हे बोर्ड १९८९ मध्ये सुरू झालं आणि केंद्र सरकारचं आहे. 'ओपनमधून म्हणजे नापास झालेलं पोर' हा समज आपल्याकडं अजून आहे, तो नातेवाइकांच्या तोंडून ऐकायची तयारी ठेवा. दहावीसाठी वय किमान चौदा, बारावीसाठी पंधरा. पास व्हायला पाच विषय लागतात, त्यांत भाषा किमान एक आणि जास्तीत जास्त दोन. एकदा नाव घातलं की नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पाचही विषय एकाच वेळी द्यायची सक्ती नाही. या वेळी दोन दिले, पुढच्या वेळी तीन, असं चालतं. पास झालेला विषय खात्यावर जमा राहतो, तो पुन्हा द्यावा लागत नाही. पासाची रेषा ३३ टक्के, आणि ज्या विषयाला प्रात्यक्षिक आहे तिथं लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत स्वतंत्र पास व्हावं लागतं.

यात पालकांनी लिहून ठेवायचं ते काय, हे एका पानावर दाखवते. आमच्या फाईलमध्ये पहिलंच पान आडवं आखलेलं आहे. डाव्या हाताला विषय आणि त्याचा कोड: मराठी २०४, इंग्रजी २०२, गणित २११, विज्ञान आणि तंत्रज्ञान २१२, सामाजिक विज्ञान २१३. पुढं रकाने: टीएमए (घरचा स्वाध्याय, पुढं सांगते) दिला ती तारीख, टीएमएचे गुण, परीक्षा फी भरल्याची तारीख आणि पावती नंबर, कोणत्या सत्रात बसली, लेखी, प्रात्यक्षिक, निकाल. फी भरल्याचा रकाना मी मुद्दाम लाल पेनानं आखला आहे. नवीन पालकांची गफलत इथंच होते. प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेला नाव गेलं असं त्यांना वाटतं. तसं नसतं. प्रवेश वेगळा, परीक्षेची नोंदणी वेगळी. प्रत्येक सत्रासाठी, प्रत्येक विषयासाठी वेगळी फी भरून नाव घालावं लागतं, आणि त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी संपते. एकदा फी भरली की पावतीची प्रिंट काढून त्याच पानामागं पंच करायची.

टीएमए म्हणजे घरी सोडवून केंद्रात द्यायचा स्वाध्याय. त्याला लेखीच्या गुणांत वीस टक्के वजन आहे, तरी मुलं तो शेवटच्या आठवड्यात कसाबसा उरकतात. थोरलीचा सामाजिक विज्ञानाचा टीएमए तिनं सावकाश, पुस्तकं चाळून लिहिला होता. त्या विषयाचा निम्मा अभ्यास तिथंच झाला. देण्याआधी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा आणि केंद्रातून पोच घ्या, निदान एका झेरॉक्सवर तारीख आणि सही तरी. कागद गहाळ होतात. आमच्या ओळखीच्या एका मुलाचे गुण निकालात आलेच नव्हते, आणि पोच होती म्हणून विषय तिथंच मिटला.

दुसरी महत्त्वाची सोय म्हणजे ट्रान्सफर ऑफ क्रेडिट, लोक तिला नुसतं 'टीओसी' म्हणतात. दुसऱ्या मान्यताप्राप्त बोर्डाच्या परीक्षेत पास झालेले जास्तीत जास्त दोन विषय इथं आणता येतात, ते विषय एनआयओएसच्या यादीत असले तर. मुलानं एसएसएलसी दिली, काही विषयांत पास झालं, गणित-विज्ञान राहिलं, घरात सगळे हिरमुसले, असं दरवर्षी कितीतरी घरांत होतं. खानापूरकडच्या एका बाईंचा फोन आला होता. "अक्का, पोरगं आता काही केल्या शाळेत जाईना झालंय. नापास झालं म्हणून चारचौघांत तोंड दाखवत नाही. काय करू सांग की." मी म्हटलं, "मार्कशीट जवळ आहे नव्हं? मग वाचून दाखवा, कशात पास आहे." कन्नड आणि सामाजिक विज्ञानात पास होतं. म्हणजे ते दोन विषय खात्यावर, उरले तीन. मुलाला हे कळल्यावर त्याचं म्हणणं असं होतं की मग एकेक करून देतो. टीओसीचा अर्ज प्रवेश घेतानाच करायचा असतो, नंतर नाही. म्हणून जुनी मार्कशीट, मग ती नापासाची का असेना, फाडू नका, दडवू नका.

भाषा निवडताना आपल्या भागात घराघरात वाद होतात. पाच विषयांच्या हिशोबात दोनच भाषा बसतात. मराठी घ्यावी की कन्नड, आणि इंग्रजीचं काय? दहावीसाठी एनआयओएसमध्ये मराठी विषय आहे, कन्नड विषय आहे, आणि मराठी माध्यमही आहे. आम्ही मराठी आणि इंग्रजी घेतलं. मराठी घेतल्यानं मार्कशीटवरच भाषा आली आणि ते पुढं उपयोगी पडतं; इंग्रजी पुढच्या शिक्षणासाठी. कन्नडही थोरली शिकली, पण ते घरच्या वहीत राहिलं. शेजारच्या काकूंकडून बोलायला, बसच्या पाट्या आणि कन्नड पेपर वाचून अक्षरओळख, मग सरकारी फॉर्म स्वतः भरायची सवय. कर्नाटकात राहायचं, कोर्ट-कचेरी, बँक, तलाठी सगळं इथंच, तर कन्नड आलंच पाहिजे. पण शिकलेली प्रत्येक गोष्ट मार्कशीटवर यावी असा हट्ट धरला तर मूल दमतं. कोणती गोष्ट बोर्डाच्या खात्यात आणि कोणती घरच्या वहीत, हे आधीच ठरवून टाकावं.

घरची वही बोर्ड कधी मागत नाही, तरी मी तिच्याबद्दल जास्त आग्रही आहे. मुलाची खरी प्रगती तिथंच दिसते. पुढं इंटर्नशिपला, डिझाईनच्या कॉलेजच्या मुलाखतीला, शिष्यवृत्तीच्या अर्जाला तीच उपयोगी पडते. आणि टीएमएला आयता मजकूरही तिथूनच मिळतो.

आमच्या वहीत दर दिवशी चार गोष्टी येतात. तारीख, काय केलं, किती वेळ, पुरावा कुठं आहे. पुरावा म्हणजे फोटो, चित्र, लिहिलेलं पान, वाचनालयाची पावती, काहीही. एक पान सांगते. टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीपाशी आम्ही एका सकाळी गेलो. १९२४ साली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तिथल्या पाण्याच्या सोयीसाठी ही विहीर खणली. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष गांधीजी होते, आणि गांधीजी अध्यक्ष असलेलं तेवढं एकच अधिवेशन. थोरलीनं विहिरीचं रेखाटन केलं, फलकावरचा मजकूर उतरवून घेतला, घरी येऊन आजोबांना त्यांच्या वडिलांकडून काय ऐकलं होतं ते विचारलं आणि दोन पानं लिहिली. वहीत नोंद: 'काँग्रेस विहीर, रेखाटन, आजोबांची मुलाखत, लेखन. वेळ पाच तास. पुरावा: चित्रवही, फोनमधला फोटो.' त्याखाली आम्ही एक ओळ जास्तीची लिहितो, ती म्हणजे हे बोर्डाच्या कोणत्या धड्याशी जुळतं. इथं लिहिलं, 'सामाजिक विज्ञान २१३, राष्ट्रीय चळवळ.' त्या एका ओळीमुळं भटकंती आणि अभ्यास वेगळे पडत नाहीत, आणि परीक्षेच्या आधी उजळणी करताना मूल आपलीच पानं उघडतं.

विज्ञानाचंही तसंच. खानापूरकडची लाल जांभ्याची माती आणि बैलहोंगलकडची काळी माती आणून, दोन बरण्यांत पाणी ओतून, कोणती किती वेळ पाणी धरून ठेवते ते धाकट्यानं बघितलं. पावसाळ्यात गच्चीवर कापलेली प्लॅस्टिकची बाटली ठेवून तो रोज पाऊस मोजतो. याचा आलेख गणितात गेला, मातीचं विज्ञानात, आणि 'भात तिकडंच का, कापूस इकडंच का' हे भूगोलात. विज्ञान प्रात्यक्षिकाची वही मात्र वेगळी ठेवा आणि ती बोर्डाच्या प्रयोगयादीप्रमाणेच लिहा. ती केंद्रात दाखवावी लागते, तिथं घरचे प्रयोग चालत नाहीत.

तासांचा हिशोब कशासाठी, असं विचारतात. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आणला. त्यात शिकण्याचे तीस तास म्हणजे एक क्रेडिट आणि वर्षाचे १२०० तास म्हणजे चाळीस क्रेडिट, असं माप शाळेच्या वर्गांनाही लावलं आहे. या तासांत नुसता वर्ग नाही, प्रयोग, खेळ, हाताचं काम, प्रकल्प हेही येतं. आपण घरी मोजलेले तास कुठं जमा होत नाहीत, हे नीट लक्षात घ्या. क्रेडिट देतं ते मान्यताप्राप्त बोर्ड किंवा संस्थाच. पण घरच्या मापाला हा आकडा चांगला आहे. महिन्याच्या शेवटी बेरीज केली की कोणता विषय मागं पडला ते लगेच दिसतं. आमच्याकडं तो नेहमी गणितच असतो. आणि वर्षाची बेरीज १२०० च्या आसपास आली की 'घरी काय करतंय पोर दिवसभर' या प्रश्नाला शांतपणे उत्तर देता येतं.

अमेरिकेतले घरशाळेचे पालक स्वतःच मुलाची ट्रान्सक्रिप्ट बनवतात, साधारण १२० तासांच्या अभ्यासाला एक पूर्ण क्रेडिट देतात, आणि तिथली कॉलेजं ती विचारात घेतात. इंटरनेटवर त्यांचे तयार तक्ते मिळतात, दिसायला सुबक असतात. आपल्याकडच्या प्रवेशाला त्यांचा उपयोग नाही. बोर्डाची मार्कशीट नसेल तर आई-वडिलांनी सही केलेला तक्ता घेऊन कोणतंही कॉलेज दारात उभं करणार नाही. बाहेरदेशी अर्ज करायचा असेल तेव्हा घरच्या वहीवरून असा तक्ता करून मार्कशीटसोबत जोडता येतो, तेवढंच.

नावाचं प्रकरण आपल्या भागात फार त्रास देतं, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहिते. मराठी रीतीनं आडनाव आधी किंवा शेवटी, मध्ये वडिलांचं नाव. इथल्या शाळेच्या रजिस्टरमध्ये कन्नडमध्ये लिहिताना बऱ्याचदा नुसती आद्याक्षरं राहतात. कन्नडवरून पुन्हा इंग्रजीत आणताना आडनावाचं स्पेलिंग बदलतं. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, दाखल्यावर तिसरं. शिवाय गावाचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, त्याआधीच्या कागदांवर जुनं नाव आहे. गावाच्या नावानं सहसा अडत नाही, पण मुलाच्या नावानं हमखास अडतं. एनआयओएसच्या दहावीत जे नाव आणि जी जन्मतारीख जाईल, तीच पुढं पासपोर्टपर्यंत सगळीकडं पुरावा म्हणून चालते. तेव्हा प्रवेश अर्ज भरण्याआधी जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. आई-वडिलांची नावंही. जुळत नसेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग अर्ज. दहावीच्या मार्कशीटवरचं नाव नंतर बदलून घेणं म्हणजे नाकी नऊ येतात.

कन्नडमधले कागद कोल्हापूर-पुण्याला वाचता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. जन्मदाखला कन्नड-इंग्रजी दोन्हींत असतो, त्याचा प्रश्न नाही. पण काही शाळांचे दाखले नुसत्या कन्नडमध्ये असतात. मागितलं तर इंग्रजी प्रत मिळते, ती त्याच वेळी मागा. नाहीतर भाषांतर करून नोटरी करावी लागते, आणि तेही प्रवेशाच्या धावपळीत.

बारावीचे विषय निवडताना शेवटाकडून सुरुवातीकडं यायचं. कोणत्या दारातून पुढं जायचं ते आधी, विषय नंतर. आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाला बारावीत पाच विषय बघतात: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, एक भाषा आणि आणखी कोणताही एक. मेडिकलला मुक्त विद्यालयाची मुलं चालत नाहीत असं अजून काही जण सांगतात. तो अडथळा न्यायालयात टिकला नाही, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो विषय मिटला. दहावीनंतर पीयूला घालायचं असेल तर ज्या कॉलेजात जायचं तिथं मे महिन्यातच जाऊन विचारा, इतर बोर्डाच्या मुलांकडून कोणते कागद घेतात ते. निकालानंतर गेलात तर काउंटरवरच्या माणसाला ऐकून घ्यायलाही वेळ नसतो.

एक अट मात्र आधीच माहीत करून घ्या. दहावी पास झाल्यावर दोन वर्षांचं अंतर पडल्याशिवाय बारावीचे पाच विषय पूर्ण करता येत नाहीत. वर्षभरानं चार विषयांपर्यंत देता येतात, पाचवा पुढच्या वर्षी. म्हणजे एका वर्षात बारावी उरकून पुढं जाऊ, हा बेत चालत नाही. थोरलीनं पहिल्या वर्षी भाषा आणि दोन विषय देऊन टाकले, दुसऱ्या वर्षी भौतिकशास्त्र आणि गणितावर जोर दिला. मला ही वाटणी फार आवडली. शाळेतल्या मुलांना सगळे पेपर एकाच महिन्यात द्यावे लागतात. हिला ज्या विषयाला वेळ हवा होता तो मिळाला.

फाईल कशी ठेवावी याचं फार मनावर घेऊ नका. एक जाड बॉक्स फाईल पुरते. मूळ कागद प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये, त्यांना पंच करायचं नाही. झेरॉक्स वेगळ्या. सगळ्याचा स्कॅन फोनमध्ये आणि ईमेलवर. मार्कशीट डिजिलॉकरवर येते, ती लगेच उतरवून घ्या. चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून पहिलं पान मुलानं स्वतः भरावं. आपण फक्त महिन्यातून एकदा बघायचं. धाकट्याच्या अक्षराकडं मी कानाडोळा करते, पण तारीख नसेल तर पान परत देते.

निकालानंतर एनआयओएसकडून मार्कशीट, पास झाल्याचं प्रमाणपत्र आणि मायग्रेशन-कम-ट्रान्सफर सर्टिफिकेट येतं. पहिल्या दोन्हींच्या प्रती लागतील तेव्हा काढता येतात. मायग्रेशनचा मूळ कागद मात्र कॉलेज ठेवून घेतं, म्हणून देण्याआधी त्याचा दोन्ही बाजूंनी रंगीत स्कॅन काढा, आणि दिला की पोच घ्या. कॉलेज नंतर बदलायचं झालं तर तीच पोच दाखवून तो परत मागावा लागतो.